धावणार की फेकणार?

अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वांत अवघड प्रश्नाचे उत्तर शोधण्यात टॉम लँड्री यांनी उभे आयुष्य घालवले. डोक्यावर हॅट, अंगात कोट आणि चेहऱ्यावर रेषही न हलू देणाऱ्या या प्रशिक्षकाची ही कहाणी.

१९४९ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. न्यूयॉर्कच्या यँकीज संघात (हा बेसबॉलचा प्रसिद्ध संघ नव्हे, त्याच नावाचा फुटबॉलचा संघ) टॉम लँड्री नावाचा पंचवीस वर्षांचा एक नवखा खेळाडू होता. समोर होता क्लीव्हलँड ब्राउन्स हा त्या काळातला बलाढ्य संघ. त्यांच्या मॅक स्पीडी या खेळाडूला रोखण्याची जबाबदारी टॉमवर आली. स्पीडी नावाप्रमाणेच वेगवान. सामना संपला तेव्हा त्या एकट्याने पास झेलून दोनशेहून अधिक यार्डांची मजल मारली होती आणि टॉम दिवसभर त्याच्या पाठीमागे धावत राहिला होता.

असा फजितीचा दिवस प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला कधी ना कधी येतो. बहुतेक जण तो विसरून जाण्याचा प्रयत्न करतात. टॉमने तो आयुष्यभर जपून ठेवला. पायांतल्या बळावर आपण या लोकांना गाठू शकणार नाही, हे त्याला त्या दिवशी कळून चुकले. त्यांच्यापेक्षा वेगाने पळता येत नसेल, तर ते कुठे जाणार हे आधी ओळखता आले पाहिजे. पुढे अमेरिकन फुटबॉलमधल्या बचावाचा सारा विचार ज्याने बदलून टाकला, त्या माणसाचे शिक्षण असे एका पराभवातून सुरू झाले.

एका पावलाचा प्रश्न

हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. म्हणून आधी त्याची थोडी ओळख करून घेऊ. शंभर यार्ड लांबीचे मैदान आणि दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकावे लागते. तेवढे सरकता आले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असे करत करत प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की झाला टचडाउन, त्याचे सहा गुण.

पुढे सरकण्याचे मार्ग दोनच. चेंडू छातीशी धरून एखाद्या दणकट गड्याने गर्दीत घुसायचे, किंवा क्वार्टरबॅकने, म्हणजे डावाच्या सूत्रधाराने, तो दूरवर पळत गेलेल्या साथीदाराकडे फेकायचा. धाव किंवा पास. एखादा संघ फक्त धावत असेल तर बचाव सोपा असतो. सगळी माणसे पुढे आणून भिंत उभारायची. फक्त फेकत असेल तर माणसे मागे पांगवायची. खरी पंचाईत होते ती दोन्ही कामे सारख्याच सफाईने करणाऱ्या संघापुढे. पुढे सरसावावे तर चेंडू डोक्यावरून जातो आणि मागे हटावे तर पायांखालून जमीन जाते.

कबड्डी पाहणाऱ्यांना यातली मेख चटकन कळेल. चढाई करणाऱ्याची हूल असते एका पावलाची. त्या पावलाला फसून बचावातला गडी पुढे झेपावला की डाव हातचा गेला. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्याचे भवितव्यही असेच त्याच्या पहिल्या पावलावर अवलंबून असते. ते पाऊल पुढे टाकायचे की मागे, हे ठरवायला त्याच्यापाशी क्षणभराचाच अवधी असतो. लँड्री यांनी चाळीस वर्षे विचार केला तो या क्षणाचा.

मिशन गावचा मुलगा

टॉमचा जन्म ११ सप्टेंबर १९२४ रोजी टेक्सास राज्यातल्या मिशन या छोट्या गावी झाला. मेक्सिकोची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. वडील रे लँड्री मोटारी दुरुस्त करायचे. शिवाय गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे प्रमुखपदही त्यांच्याकडे होते. घर मध्यमवर्गीय, चर्चला नेमाने जाणारे आणि मोजके बोलणारे. शाळेच्या संघात टॉम क्वार्टरबॅक होता. शेवटच्या वर्षी, १९४१ च्या हंगामात, त्या संघाने बाराच्या बारा सामने जिंकले. अख्खा गाव त्या मुलांवर जीव टाकत असे.

पुढच्या वर्षी तो ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात दाखल झाला. पण तोवर महायुद्ध अमेरिकेच्या दारात येऊन ठेपले होते. थोरला भाऊ रॉबर्ट विमानदलात भरती झाला. इंग्लंडकडे बी-१७ जातीचे बॉम्बफेकी विमान घेऊन जात असताना उत्तर अटलांटिकमध्ये आइसलँडजवळ त्याचे विमान नाहीसे झाले. भाऊ गेल्यावर टॉमही विमानदलात गेला, आणि उडवायला शिकला तेही बी-१७ च. सहवैमानिक म्हणून इंग्लंडमधल्या तळावरून त्याने जर्मनीवर तीस मोहिमा केल्या. एकदा परतीच्या वाटेवर इंधन संपले आणि विमान बेल्जियममध्ये कसेबसे जमिनीवर आदळत उतरवावे लागले. आतली माणसे चालत बाहेर आली. तेव्हा टॉमला वयाची एकविसावी वर्षगाठही पाहायची होती.

पुढे सामन्याच्या ऐन रणधुमाळीत लँड्री यांचा चेहरा इतका निर्विकार कसा राहतो, याचे लोकांना नवल वाटे. विमानाच्या त्या कोंदट खोलीत भीती गिळून समोरच्या काट्यांवर नजर ठेवण्याची सवय ज्याला विशीत लागली, त्याला एक हुकलेला पास अस्वस्थ करील कसा?

युद्धावरून परतल्यावर त्याने शिक्षण पूर्ण केले. १९४९ च्या जानेवारीत अलिशिया विग्ज या विद्यापीठातल्याच मुलीशी लग्न झाले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तेव्हा फारसा पैसा नव्हता. हंगाम संपला की दुसरे काम शोधावे लागे. टॉमने हंगामाबाहेरच्या दिवसांत ह्यूस्टन विद्यापीठातून औद्योगिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळवली ती १९५२ साली. कारखान्यातले काम लहान लहान हालचालींत तोडायचे, प्रत्येक हालचालीचा वेळ मोजायचा आणि वाया जाणारी हालचाल काढून टाकायची, असे ते शास्त्र. ते त्याने फुटबॉलला लावले आणि तिथूनच सगळे बदलले.

छत्रीची युक्ती

१९५० साली टॉमचा जुना संघ बंद पडला आणि तो न्यूयॉर्क जायंट्समध्ये आला. ज्या ब्राउन्सनी त्याची फजिती केली होती, तेही त्याच वर्षी एनएफएल या मोठ्या लीगमध्ये दाखल झाले. पहिल्याच सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सचा ३५-१० असा धुव्वा उडवला. पॉल ब्राउन यांच्यासारखा काटेकोर प्रशिक्षक, ऑटो ग्रॅहमसारखा अचूक फेकणारा क्वार्टरबॅक आणि गर्दीत घुसायला मॅरियन मॉटलीसारखा पहाडी गडी. धाव आणि पास यांचा असा समतोल तोवर कुणी पाहिला नव्हता.

जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन हे जुन्या पठडीतले, पण डोक्याने तल्लख. त्यांनी एक नवा बचाव आखला. सहा जण पुढच्या रेषेवर, त्यांच्यामागे एक आणि अगदी मागे चौघे. रेषेच्या दोन टोकांचे गडी कधी पुढे घुसायचे, तर कधी चेंडू फेकला जाण्याआधीच मागे सरकायचे. ते मागे सरकले की वरून पाहणाऱ्याला बचावाचा आकार उघडलेल्या छत्रीसारखा दिसे. म्हणून त्या रचनेला ‘छत्री’ हेच नाव पडले.

ओवेन यांनी फळ्यावर ढोबळ आकृती काढली आणि सहकाऱ्यांना ती उलगडून सांगण्याचे काम टॉमवर सोपवले. खडू हातात घेऊन तो कोण कुठे, कधी आणि कशासाठी जाणार ते समजावू लागला. एक खेळाडू शिक्षक झाला तो त्या दिवशी. १ ऑक्टोबर १९५० रोजी क्लीव्हलँडमध्ये सामना झाला. जायंट्स ६-० ने जिंकले. पूर्वार्धात ग्रॅहमचा एकही पास साथीदाराच्या हाती पडला नाही. स्थापनेपासून ब्राउन्स संघ एकाही गुणाविना मैदानातून परतला, असे प्रथमच घडले. त्याच हंगामात जायंट्सनी त्यांना पुन्हा एकदा हरवले. मात्र शेवटच्या निर्णायक लढतीत ब्राउन्सनी ८-३ असा हिशेब चुकता केला आणि पुढे विजेतेपदही मिळवले. एका युक्तीने एक दिवस जिंकता येतो, कायमचे उत्तर मिळत नाही, हा धडाही टॉमला त्याच वर्षी मिळाला.

प्रत्येकाची किल्ली

१९५४ साली जिम ली हॉवेल जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी तिशीतल्या लँड्री यांच्याकडे बचावाची सूत्रे सोपवली. पुढची दोन वर्षे ते खेळतही होते आणि शिकवतही होते. आक्रमणाची जबाबदारी होती विन्स लोंबार्डी यांच्याकडे. एका संघात असे दोन मोहरे क्वचितच एकत्र येतात. लोंबार्डी तापट, मोठ्याने बोलणारे, क्षणात हसणारे आणि क्षणात डोळ्यांतून पाणी काढणारे. लँड्री शांत, नेमके, हिशेबी. एक जण आक्रमणाचा विचार करी, दुसरा त्याला थोपवण्याचा. पुढच्या पंधरा वर्षांतल्या अमेरिकन फुटबॉलची बीजे त्या कचेरीत पेरली गेली.

लँड्री तासन् तास प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या फिल्म पाहत. कोणता संघ कशी माणसे उभी करतो, कितव्या प्रयत्नाला काय करतो, दोन यार्ड हवे असताना काय आणि आठ हवे असताना काय, याची ते नोंद ठेवत. अशी शेकडो टिपणे मांडल्यावर लक्षात येई की माणसे सवयीची गुलाम असतात. मनात येईल तसे खेळतो असे ज्याला वाटते, तोही ठरावीक प्रसंगी ठरावीकच वागतो.

या अभ्यासातून त्यांनी जी रचना घोटून पक्की केली ती ‘चार-तीन’. चौघे पुढच्या रेषेवर, त्यांच्यामागे तिघे उभे आणि सगळ्यात मागे चौघे. त्याआधी रेषेच्या मधोमध एक धिप्पाड गडी वाकून बसलेला असे. त्याला उभे केले आणि दोन-चार पावले मागे घेतले. इतर काही संघही तेव्हा असे प्रयोग करीत होते. पण त्याला पूर्ण शास्त्राचे रूप दिले ते लँड्री यांनी. मधल्या माणसाला आता सगळे मैदान दिसू लागले. धाव आली तर तो पुढे धावे, पास दिसला तर मागे सरके. रेषेवरच्या चौघांचे काम त्याच्या अंगावर येणाऱ्यांना अडवून त्याला मोकळे ठेवण्याचे.

पण पुढे की मागे, हे त्याने ओळखायचे कसे? यासाठी लँड्री यांनी प्रत्येकाला एक ‘किल्ली’ दिली. चेंडूकडे पाहायचे नाही, कारण चेंडू हूल देतो. समोरच्या संघातला एक ठरावीक खेळाडू पाहायचा. तो अंग पुढे झोकून देत असेल तर धाव येणार. मागे बसून हात वर घेत असेल तर पास येणार. रेषा सोडून बाजूला पळाला तर त्या बाजूने धाव येणार. खोटे बोलायला चेंडू सोपा. शंभर किलोच्या माणसाला आपले पहिले पाऊल लपवणे अवघड. समतोल आक्रमणाच्या कोड्याचे हे लँड्री यांनी काढलेले उत्तर.

१९५६ साली वेस्ट व्हर्जिनियातून सॅम हफ नावाचा तरुण संघात आला. महाविद्यालयात तो रेषेवर खेळे. व्यावसायिक संघात नेमके कुठे बसवावे हे कुणाला कळेना. लँड्री यांनी त्याला मधोमध उभे केले, किल्ल्या शिकवल्या आणि हफ पाहता पाहता अमेरिकेचा लाडका झाला. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात जायंट्सनी शिकागो बेअर्सचा ४७-७ असा फडशा पाडला. यँकी स्टेडियममधले प्रेक्षक आता बचावासाठी आरोळ्या ठोकू लागले. तोवर टाळ्या पडत त्या गुण मिळवणाऱ्यांना. गुण मिळू न देणाऱ्यांनाही कौतुक हवे असते, हे लोकांना उमगले ते तिथे.

युनिटसने लावलेली कुलपे

१९५८ हे वर्ष लँड्री यांच्या विद्येची कसोटी पाहणारे ठरले. ब्राउन्सकडे आता जिम ब्राउन होता. त्या हंगामात त्याने बारा सामन्यांत धावून १,५२७ यार्ड मिळवले होते. डिसेंबरमध्ये निर्णायक सामन्यात लँड्रींच्या बचावाने त्याला सात प्रयत्नांत फक्त आठ यार्ड मिळू दिले आणि जायंट्स १०-० ने जिंकले.

आठवडाभराने, २८ डिसेंबरला, अंतिम सामना झाला तो बाल्टिमोर कोल्ट्सशी. त्यांचा क्वार्टरबॅक जॉनी युनिटस हा वेगळ्याच मुशीतला होता. तो बचावाची किल्ली उलटी फिरवायचा. सामना १७-१७ असा बरोबरीत सुटला आणि एनएफएलच्या अंतिम सामन्यात प्रथमच जादा वेळ खेळवावा लागला. युनिटसने रेमंड बेरीकडे इतके पास फेकले होते की मदतीसाठी हफ नेहमीच्या जागेपासून हळूहळू मागे सरकू लागला. युनिटसने ते हेरले. पुढच्या डावात त्याने चेंडू फेकला नाही; ॲलन अमीचीच्या हाती दिला आणि हफने रिकाम्या केलेल्या जागेतून अमीची वीसहून अधिक यार्ड धावत गेला. थोड्याच वेळात त्याच अमीचीने रेषा ओलांडली. कोल्ट्स २३-१७ ने जिंकले.

समतोल आक्रमणाचे मर्म त्या एका डावात आहे. पास धावेसाठी जागा करतो, धाव पासासाठी जागा करते. बचाव करणाऱ्याने एकाला घाबरून पाऊलभर जागा सोडली की दुसरा तिथून शिरतो. लँड्री हा सामना हरले. पण प्रश्न आता त्यांना अधिक स्वच्छ दिसू लागला.

डॅलस आणि आपली जागा सोडू नका

१९६० साली डॅलसमध्ये काउबॉइज हा नवा संघ उभा राहिला आणि लँड्री त्याचे पहिले मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात बारापैकी एकही सामना जिंकता आला नाही. अकरा हरले आणि एक बरोबरीत सुटला. चार वर्षांत मिळून जेमतेम तेरा विजय. शहरात कुरबुर सुरू झाली. अशा वेळी प्रशिक्षकाची गच्छंती ठरलेली. मालक क्लिंट मर्चिसन यांनी मात्र १९६४ साली त्यांना आणखी दहा वर्षांचा करार देऊन टाकला. असा विश्वास टाकणारा मालक मिळायलाही भाग्य लागते.

संघ बांधण्याची पद्धतही निराळी होती. व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी खेळाडूंच्या निवडीसाठी संगणक वापरायचे ठरवले. हे साठीच्या दशकाच्या आरंभी. त्यासाठी लागणारी आज्ञावली तयार केली ती सलाम कुरेशी या मूळच्या भारतीय संख्याशास्त्रज्ञाने. अलीगढला शिकलेल्या या माणसाचा अमेरिकन फुटबॉलशी आधी काही संबंध नव्हता. पण उत्तम खेळाडू म्हणजे नेमके काय, हे आकड्यांत कसे मांडायचे ते त्याने दाखवून दिले. लँड्रींच्या अभियंत्याच्या मनाला हे मानवणारेच होते.

तिकडे जुने सहकारी लोंबार्डी ग्रीन बे पॅकर्सचे प्रशिक्षक झाले होते. त्यांची युक्ती साधी आणि भयंकर होती. बचावाचा गडी ज्या दिशेला जाऊ पाहतो, त्याच दिशेला त्याला आणखी ढकलायचे, आणि धावणाऱ्याने जिथे उजेड दिसेल तिथून निसटायचे. म्हणजे बचाव करणारा उत्साहाच्या भरात स्वतःच भगदाड पाडून देतो!

यावर लँड्री यांनी काढलेला तोडगा ‘फ्लेक्स’ नावाने ओळखला जातो. रेषेवरच्या चौघांपैकी दोघांना यार्डभर मागे घ्यायचे. प्रत्येकाला एक फट नेमून द्यायची. चेंडू कुठेही जावो, आपली फट सोडायची नाही. समोरून धावपटू चाललेला दिसत असला तरी त्याच्यावर झेप घ्यायची नाही. सगळ्यांनी आपापली फट राखली तर त्याला जायला वाटच उरत नाही, तो आपणहून कुणाच्या तरी मिठीत येतो. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. झेप घेण्यासाठीच जन्मलेल्या माणसांना थांबायला शिकवायचे होते.

बॉब लिली हा त्यांचा पहिला मोठा शिष्य. ताकद आणि चपळाई अशी की एकट्याने डाव मोडावा. त्याला टोकावरून आत आणले आणि संयमाचे धडे दिले. सुरुवातीला असे बांधून घेणे त्याला जड गेले. फ्लेक्स अंगवळणी पडायला खेळाडूला दोन-तीन वर्षे लागत, अशी या पद्धतीची ख्याती होती. शिवाय तिची एक किंमत होती. फट राखत थांबलेला माणूस क्वार्टरबॅकपर्यंत उशिरा पोचतो. म्हणून पास येणार हे उघड असेल तेव्हा लँड्री तिला आवर घालत. धावेविरुद्ध थांबा, पासाविरुद्ध तुटून पडा, आणि यातले काय करायचे ते किल्ली पाहून ठरवा.

३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बेला दोघा जुन्या मित्रांचे संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. थंडी उणे २५ अंश सेल्सिअस. मैदानाचा बर्फ झालेला. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असताना काउबॉइज १७-१४ ने पुढे होते आणि पॅकर्सना ६८ यार्ड जायचे होते. निर्णायक क्षणी त्यांचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याने एक डाव टाकला. लिलीसमोरचा गडी रेषा सोडून बाजूला पळाला. शिकवल्याप्रमाणे लिली किल्ली पाहून त्याच्यामागे गेला. त्याने सोडलेल्या जागेतून चक मर्सीन आठ यार्ड धावला आणि गोलरेषेपासून तीन यार्डांवर पोचला. शिष्याची शिस्तच शत्रूने शस्त्र म्हणून वापरली. शेवटी तेरा सेकंद उरले असताना स्टारने स्वतः चेंडूसह रेषेपलीकडे अंग टाकले आणि पॅकर्स २१-१७ ने जिंकले.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी लोंबार्डींकडून अंतिम सामन्यात असा पराभव झाल्यावर, मोठे सामने जिंकता न येणारा संघ म्हणून काउबॉइजची टिंगल होऊ लागली. १९७१ च्या जानेवारीत तर सुपर बाउलमध्ये शेवटच्या पाच सेकंदांत हातातोंडाशी आलेला घास गेला. लँड्री मात्र आपली पद्धत सोडेनात.

संयमाचे फळ

१६ जानेवारी १९७२ रोजी न्यू ऑर्लिन्सला सुपर बाउलमध्ये काउबॉइजसमोर मायामी डॉल्फिन्स होते. गर्दीत मुसंडी मारायला लॅरी झॉन्का आणि जिम कीक, फेकायला बॉब ग्रीसी, झेलायला पॉल वॉरफील्ड. समतोल आक्रमणाचा जणू वस्तुपाठच. लँड्रींच्या बचावाने धावेच्या फटी बुजवल्या आणि वॉरफील्डवर दोन-दोन माणसे ठेवली. मायामीला धावून मिळाले ८० यार्ड आणि सगळे मिळून गुण तीन. सबंध हंगामात ज्याच्या हातून एकदाही चेंडू निसटला नव्हता त्या झॉन्काच्या हातून तो निसटला. एका डावात लिलीने ग्रीसीचा पाठलाग करत त्याला २९ यार्ड मागे नेऊन पाडले. आयुष्यभर थांबायला शिकलेल्या माणसाला त्या दिवशी धावायची मोकळीक मिळाली! काउबॉइज २४-३ ने जिंकले. सुपर बाउलमध्ये एकही टचडाउन न करता परतलेला मायामी हा पहिला संघ. याच संघाने पुढच्या हंगामात सतराच्या सतरा सामने जिंकले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवसाचे मोल कळते.

१९७८ च्या जानेवारीत डेन्व्हरला २७-१० असे हरवून काउबॉइजनी दुसऱ्यांदा सुपर बाउल जिंकला. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून रँडी व्हाइट आणि हार्वी मार्टिन या दोघांना मिळून गौरवण्यात आले. दोघेही बचावाचे. १९६६ ते १९८५ अशी सलग वीस वर्षे लँड्रींच्या संघाने हरलेल्या सामन्यांपेक्षा जिंकलेले सामने अधिक ठेवले. सगळे मिळून २७० विजय त्यांच्या नावावर आहेत.

या यशाला एक दुसरी बाजूही होती. अनेक खेळाडूंना ते थंड वाटत. पाठीवर थाप नाही, शाबासकी मोजकी आणि चूक मात्र फिल्मवर सगळ्यांसमोर दाखवली जाई. माणसांना ते यंत्राचे भाग समजतात, अशी तक्रार होई. ती अगदीच खोटी नव्हती. पण त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे संसारात आणि व्यवसायात त्याच शिस्तीने हात दिला, आणि उतारवयात ते या मुक्या माणसाविषयी गहिवरून बोलू लागले. वडिलांचे प्रेम मुलांना उशिराच कळते, तसाच काहीसा हा प्रकार.

निरोप

काळ कुणासाठी थांबत नाही. १९७८ साली नियम बदलले. पास झेलणाऱ्याला अडवण्यावर बंधने आली आणि खेळ पासाकडे झुकू लागला. धावेसाठी फट राखत थांबण्याची विद्या हळूहळू महाग पडू लागली. चांगले खेळाडू निवृत्त झाले, नव्यांना शिकायला वेळ मिळेना. १९८८ च्या हंगामात काउबॉइजनी सोळापैकी तेरा सामने गमावले.

२५ फेब्रुवारी १९८९ रोजी जेरी जोन्स यांनी संघ विकत घेतला आणि त्याच दिवशी ऑस्टिनजवळ विश्रांतीला गेलेल्या लँड्रींची भेट घेऊन त्यांना पदमुक्त केल्याचे सांगितले. एकोणतीस वर्षे एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाची नोकरी एका भेटीत संपली. दोन दिवसांनी खेळाडूंचा निरोप घेताना मात्र तो निर्विकार चेहरा टिकला नाही. लँड्री रडले. ज्यांनी त्यांना कधी हसतानाही पाहिले नव्हते, ते तरुण खेळाडू अवाक् होऊन पाहत राहिले. कचेरीतले सामान त्यांनी स्वतः आवरले. एप्रिलमध्ये डॅलसकरांनी त्यांची मिरवणूक काढली तेव्हा रस्त्यांच्या दुतर्फा हजारो माणसे उभी होती.

पुढच्याच वर्षी, १९९० साली, व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांना स्थान मिळाले. १९९३ मध्ये जोन्स यांच्याच निमंत्रणावरून ते काउबॉइजच्या मैदानात परतले आणि संघाच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव कोरले गेले. मनात कडवटपणा धरून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९९५ साली धाकट्या मुलीचा कर्करोगाने मृत्यू झाला, तो घाव मात्र मोठा होता. स्वतः लँड्री रक्ताच्या कर्करोगाने १२ फेब्रुवारी २००० रोजी गेले. वय पंचाहत्तर. त्या वर्षी काउबॉइजच्या खेळाडूंनी पोशाखावर त्यांच्या हॅटची छोटी आकृती लावली होती. नाव लिहिण्याची गरज नव्हती.

आज हा खेळ फार पुढे गेला आहे. आता क्वार्टरबॅकच बचावातल्या एका माणसाचे पहिले पाऊल पाहतो. ते पुढे पडले तर चेंडू फेकतो, मागे गेले तर साथीदाराला देऊन टाकतो. लँड्रींनी बचावाच्या हाती दिलेली किल्ली आक्रमणाने अशी हिसकावून घेतली आहे. आणि तरीही दर रविवारी कुठल्या तरी मैदानात एखादा प्रशिक्षक आपल्या अधीर पोराला तेच बजावत असतो: चेंडूकडे पाहू नकोस, आपली जागा सोडू नकोस. पहिले पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांब.